रिकाम्या पोटी दारू, उतरलेली साखर आणि मेंदूचं इंधन

खाडीकाठ | ९ जुलै, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. जरा लांबलचक लिहितोय, पण विषय डोक्यातून जात नाहीये.

माझा मामा वेंगुर्ल्याजवळ राहतो. वय ५४, तीस वर्षं ट्रॉलरवर खलाशी. १ जूनपासून मासेमारी बंद, बोट वर ओढून शाकारलेली, हाताला काम नाही. दरवर्षीच या दोन महिन्यांत त्याचं पिणं वाढतं, यंदा सकाळी चहाच्या जागीच सुरू झालं. जेवण जवळजवळ सुटलं. मामी ताट वाढायची, तो भात चिवडायचा आणि उठायचा.

गेल्या गुरुवारी सकाळी मामी उठवायला गेली तर अंग घामाने थबथबलेलं. डोळे उघडे, पण ओळख नाही. मला 'तांडेल' (बोटीचा कप्तान) म्हणून हाक मारत होता. उभं केलं तर पाय फाकवून, हलत्या होडीत उभं राहावं तसा डुलत होता, आणि बुबुळं एका बाजूला सारखी झटके देत होती. आम्हाला वाटलं, रात्रीची उतरली नसेल. शेजारच्या काकी म्हणाल्या साखरपाणी पाजा, पण त्याला धड गिळता येईल असं दिसेना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बोटाला टोचून बघितलं तर साखर ४४! शिरेतून ग्लुकोज लावलं आणि त्याच वेळी बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू केली. साखर वर आली, घाम थांबला, पण गोंधळ आणि डुलणं राहिलं. डोळे तिसऱ्या दिवशी स्थिर झाले.

माझे प्रश्न असे. दारूत भरपूर कॅलरी असतात ना? मग साखर एवढी कशी उतरली? मेंदू दारूवर चालतो की दारूने बंद पडतो? आणि यात बी-१ कुठून आलं?

पातेरा | ९ जुलै, रात्री ११:०५

वेळेवर नेलंत, हे फार मोठं काम केलंत. आमच्या वाडीत असाच एक जण 'झोपलाय, झोपू दे' म्हणून तसाच ठेवला होता. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. घामेजलेला, ओळख नसलेला माणूस दारूत आहे की साखरेत, हे बघून कळत नाही. सुई टोचूनच कळतं.

आबोली | १० जुलै, सकाळी ७:२०

मी चिपळूणला जीवरसायनशास्त्र शिकवते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते.

दारूत कॅलरी असतात हे खरं, एका ग्रॅमला ७. पण कॅलरी असणं आणि साखर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अल्कोहोलपासून शरीर ग्लुकोज बनवू शकत नाही. यकृतात त्याचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग अ‍ॅसिटेट. बस. तिथून साखरेकडे जायची वाट नाही.

आता यकृताचं रोजचं काम बघा. जेवलेल्या साखरेतली थोडी ते ग्लायकोजेन म्हणून साठवून ठेवतं, घरातल्या कणगीत भात ठेवावं तसं. पोटात काही गेलं नाही की कणगीतून काढून देतं. ही कणगी साधारण एका दिवसात रिकामी होते. त्यानंतर यकृत स्वतः नवीन साखर बनवू लागतं: लॅक्टेटपासून, प्रथिनांच्या तुकड्यांपासून, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून. उपाशी माणूस यावर तगतो.

दारू नेमकी इथे आडवी येते. अल्कोहोलचं विघटन होताना दर पायरीला हायड्रोजन निघतो आणि तो वाहून न्यायला एनएडी नावाचा रेणू लागतो. सकाळी जेट्टीवर बोट लागते तेव्हाचं दृश्य आठवा. रिकाम्या पाट्या मोजक्याच असतात. एकाच बोटीच्या तारल्यांनी सगळ्या पाट्या भरल्या तर मागच्या बोटीचा बांगडा उतरवायचा कशात? यकृतातल्या एनएडीच्या सगळ्या रिकाम्या पाट्या दारूने भरून टाकल्या, म्हणून लॅक्टेटपासून साखर बनवायचं काम खोळंबतं. खाडीकाठ, तुमच्या मामांची कणगी आधीच रिकामी होती आणि नवीन माल उतरत नव्हता. साखर ४४ वर येणारच.

जेवून प्यायलेल्या माणसाला हे सहसा होत नाही, कारण त्याची कणगी भरलेली असते.

रापणकर | १० जुलै, सकाळी ९:५०

आबोलीताई, पाट्यांचं उदाहरण एकदम पटलं. पण एक सांगतो, रात्री दर्यात वारा सुटला की घोटभर पोटात गेल्याशिवाय हात चालत नाहीत. आमची तीन पिढ्यांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, आहे. सगळे घेत आले. ताकद येते ती खोटी कशी म्हणायची?

सुरंगी | १० जुलै, सकाळी ११:१५

रापणकर, माजो घोव तांडेल होतो. तो पण ह्याच म्हणायचो, थंडी वाजता म्हणान घेतंय. दर्यारसून इलो काय हात बर्फासारखे गार आणि कपाळ तापलेला. खयची ताकद? दारू पोटात गेली काय कातडेक ऊब वाटता, ती ऊब आंगातलीच भायर जाता. मी पंचवीस वर्सां त्या आंगार हात ठेवन बघितलंय. राग मानू नको हां, तुज्या पोरांक ह्या शिकवू नको.

रापणकर | १० जुलै, सकाळी ११:४०

राग कसला, काकी. तुमचं बरोबर असणार. विचार करतो.

डोंगरपायथा | १० जुलै, दुपारी ३:३०

मी रत्नागिरी जिल्ह्यात २२ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. सुरंगीकाकींचं निरीक्षण शब्दशः बरोबर आहे. दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलतात, गरम वाटतं आणि शरीराची उष्णता बाहेर निघून जाते. ओल्या अंगाने वाऱ्यात उभ्या माणसाला हे धोक्याचं आहे.

आता बी-१ कडे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराची साधारण २० टक्के ऊर्जा एकटा मेंदू खातो. दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज. पण ग्लुकोज पोचलं म्हणजे भागलं असं नाही. पेशीत ते पायरुवेटपर्यंत तुटतं आणि पुढे ऊर्जेच्या मुख्य भट्टीत जायला जे दार आहे, ते बी-१ शिवाय उघडत नाही. बी-१ म्हणजे थायमिन. शरीरात त्याचा साठा सुमारे ३० मिलीग्रॅम, खाणं बंद झालं तर दोन-तीन आठवड्यांत संपतो. दारू आतड्यातून त्याचं शोषणही कमी करते.

साठा संपला की मेंदूतले काही भाग आधी कोलमडतात: डोळ्यांची हालचाल सांभाळणारे, तोल सांभाळणारे, स्मृती साठवणारे. गोंधळ, डोळ्यांचे झटके, पाय फाकवून डुलणं. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये हे लक्षणांचं त्रिकूट मांडलं, म्हणून या आजाराला वेर्निकेचा मेंदूविकार म्हणतात. खाडीकाठ, तुम्ही मामांचं जे वर्णन केलंत त्यात तिन्ही आहेत. तिन्ही एकदम दिसणारे रुग्ण कमीच असतात. बरेचदा नुसता गोंधळ असतो आणि तो दारूच्या नावावर खपून जातो.

चढणीचे मासे | १० जुलै, दुपारी ४:१०

डॉक्टर, मी नर्सिंगला असताना आम्हाला घोकून घेतलं होतं: आधी बी-१, मगच ग्लुकोज, नाहीतर मेंदू जळतो. इथे दोन्ही एकदम दिलं. मग चुकलं का त्यांचं?

डोंगरपायथा | १० जुलै, रात्री ८:४५

अजिबात नाही चुकलं. त्या नियमामागचा विचार असा की बी-१ नसताना नुसतं ग्लुकोज ओतत राहिलं तर उरलंसुरलं थायमिनही वापरलं जातं आणि आजार बळावतो. म्हणून बी-१ विसरायचं नाही. पण साखर ४४ असताना बी-१ ची बाटली सापडेपर्यंत ग्लुकोज थांबवून ठेवणं म्हणजे बुडणाऱ्याला आधी पोहायचे कपडे घालायला लावणं. साखर उतरलेल्या मेंदूचा धोका मिनिटागणिक वाढतो. दोन्ही बरोबर द्यायचं, हेच योग्य.

आणि गोळ्यांनी भागत नाही. आतडंच शोषून घेत नाही म्हणून सुरुवातीला शिरेतूनच द्यावं लागतं. मॅग्नेशियमही तपासावं लागतं, कारण ते कमी असेल तर दिलेलं बी-१ कामाला लागत नाही.

सोनचाफा | १० जुलै, रात्री ९:३०

खाडीकाठचा मधला प्रश्न राहिला की. मेंदू दारूवर चालतो की बंद पडतो?

आबोली | ११ जुलै, सकाळी ६:५०

सोनचाफा, मला सगळ्यात जास्त हाच भाग आवडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोज टोचून पेट (PET) स्कॅन केला की मेंदूचा कुठला भाग किती साखर खातोय ते दिसतं. अमेरिकेत नोरा व्होल्को आणि जीन-जॅक वांग यांच्या गटाने या पद्धतीने माणसांवर बरंच काम केलंय. २००६ च्या त्यांच्या एका अभ्यासात निरोगी माणसांना वजनाच्या दर किलोला पाव ग्रॅम अल्कोहोल दिलं तेव्हा मेंदूचा साखरेचा वापर १० टक्क्यांनी घसरला, अर्धा ग्रॅम दिलं तेव्हा २३ टक्क्यांनी. अर्धा ग्रॅम म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० ग्रॅम. साठ मिलीच्या कडक दारूच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे दीड पेग.

गंमत अशी की दीड पेगने मेंदूच्या कामात जेवढा बिघाड दिसतो, त्यामानाने साखरेची घसरण फार मोठी आहे. मग बाकीचं काम कशावर चाललंय? याचं उत्तर अ‍ॅसिटेट. यकृताने दारूचं जे अ‍ॅसिटेट करून रक्तात सोडलं, ते मेंदूत शिरतं आणि थेट ऊर्जेच्या भट्टीत जळतं. २०१३ मध्ये याच गटाने खूण लावलेलं अ‍ॅसिटेट टोचून बघितलं. दारू प्यायल्यावर मेंदू साखर कमी घेतो आणि अ‍ॅसिटेट जास्त. लहान मेंदूत, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागात, ही वाढ सर्वांत मोठी. आणि रोज भरपूर पिणाऱ्यांमध्ये हा बदल कधीमधी पिणाऱ्यांपेक्षा जास्त. येल विद्यापीठातल्या गटालाही त्याच वर्षी दुसऱ्या पद्धतीने हेच दिसलं: जास्त पिणाऱ्यांचा मेंदू अ‍ॅसिटेट जास्त ओढून घेतो आणि जास्त जाळतो.

म्हणजे सोनचाफा, दोन्ही खरं आहे. पेशींचं काम मंदावतं म्हणून साखर कमी लागते, आणि साखरेच्या जागी दुसरं सरपण येतं.

सोनचाफा | ११ जुलै, सकाळी ८:००

मग शंका. डॉक्टर म्हणाले पायरुवेटच्या दाराला बी-१ लागतं. अ‍ॅसिटेट ते दार टाळून पुढे जातं. मग दारुड्याला बी-१ ची गरज कमीच पडायला हवी ना?

आबोली | ११ जुलै, सकाळी ८:२५

वा! माझ्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला असता तर मी त्याला खांद्यावर घेऊन नाचले असते. अ‍ॅसिटेट पहिलं दार टाळतं, पण भट्टीच्या आत, त्याच चक्रात पुढे आणखी एक पायरी आहे, अल्फा-कीटोग्लुटारेटची. तिलाही बी-१ लागतंच. तिथून सुटका नाही.

पातेरा | ११ जुलै, सकाळी ९:१५

जेवणाची सुस्ती नव्हे, दारूची जी झोप येते, तीही या अ‍ॅसिटेटमुळेच का?

आबोली | ११ जुलै, सकाळी ९:४०

काही अंशी. अ‍ॅसिटेट जळताना अ‍ॅडिनोसिन तयार होतं आणि ते मेंदूला पेंग आणतं. चहा-कॉफीतलं कॅफीन याच अ‍ॅडिनोसिनला अडवतं. पण म्हणून कॉफी पाजून दारू उतरत नाही हां. माणूस जागा होतो, रक्तातली दारू तेवढीच राहते.

भिरवंडा | ११ जुलै, दुपारी १२:२०

शास्त्र कळलं. पण मला वाटतं आपल्याकडची माडी वेगळी. माडावरून काढलेली, निसर्गाची. आजोबा नव्वद वर्षं जगले. तिची या कडक दारूशी बरोबरी नको.

उंडीचे तेल | ११ जुलै, दुपारी १:१०

भिरवंडा, माझे वडील माड चढायचे. पहाटे उतरवली तेव्हा ती नीरा, गोड. मडकं झाडावरून खाली येईपर्यंत फेस धरू लागते, दुपारी माडी होते आणि संध्याकाळी नाकाला झोंबते. मडक्यात जी दारू झाली ती दारूच, फक्त पातळ. तुमचे आजोबा एक भांडं पिऊन भाकरी-सुकट खायचे आणि दिवसभर बागेत खपायचे. आज माणूस ते सोडून नुसता पितो. फरक मला तिथे दिसतो.

सुरंगी | ११ जुलै, दुपारी २:००

गावच्या राखणदाराक देतत त्या राखणीचा पण तसाच. देवचाराक दारवेचो थेंब दाखवतत, पण मागसून कोंबो शिजता, वडे होतत, सगळ्यांची पाना वाढतत. कोणी उपाशी पोटान नाय उठणा.

चढणीचे मासे | ११ जुलै, दुपारी २:३०

काकी, प्रथेबद्दल आदर आहे, पण जेवून प्यायलं की चालतं असा अर्थ कोणी काढू नये म्हणून लिहिते. जेवणाने दारू रक्तात हळू चढते आणि साखर सहसा टिकते. यकृत आणि मेंदूवरचा बाकीचा मारा तसाच राहतो.

कोकम आगळ | ११ जुलै, संध्याकाळी ६:००

खाडीकाठ, एवढं सगळं झालंय तर आता मामाला ग्रामदेवतेसमोर उभं करा, नारळावर हात ठेवून शपथ घ्या आणि आजपासून एक थेंब देऊ नका. आमच्या काकांचं असंच सुटलं.

डोंगरपायथा | ११ जुलै, संध्याकाळी ६:२०

कोकम आगळ, शपथेचं बळ मी मानतो, पण कळकळीने सांगतो, रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाची दारू घरी एकदम तोडू नका. शपथ घ्या, पण डॉक्टरच्या नजरेखाली. वर्षानुवर्षं दारूने दाबून ठेवलेला मेंदू ती काढल्याबरोबर उसळतो. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, ताप. त्यात माणूस दगावू शकतो. मी अशी दोन माणसं गमावली आहेत, दोघांच्याही घरच्यांनी चांगल्या मनानेच कोंडून ठेवलं होतं.

याला इंधनाचीही बाजू आहे. ज्या मेंदूला अ‍ॅसिटेटची सवय लागली, त्याचं ते सरपण एका रात्रीत बंद होतं. अमेरिकेत २०२१ मध्ये ३३ जणांवर एक प्रयोग झाला. दारू सोडायला दाखल झालेल्यांपैकी काहींना चरबी जास्त, पिष्ट अगदी कमी असा कीटोजेनिक आहार दिला. त्याने रक्तात कीटोन, म्हणजे चरबीपासून बनणारं इंधन, वाढतात आणि मेंदू तेही जाळू शकतो. त्या गटाला पहिल्या आठवड्यात शांत करणारी औषधं कमी लागली आणि तलफही कमी होती.

पातेरा | ११ जुलै, संध्याकाळी ७:०५

म्हणजे मामाला भात बंद करून खोबरं आणि अंडी?

डोंगरपायथा | ११ जुलै, संध्याकाळी ७:३०

नको, कृपा करून नको. तो प्रयोग रुग्णालयात, रोज तपासण्या करून झाला. शिवाय त्या आहारावर असलेल्या उंदरांमध्ये तेवढ्याच दारूने रक्तातली पातळी जास्त चढली. म्हणजे मामा मध्येच घसरले तर धोका वाढेल. त्यांना साधं, नियमित जेवण हवंय. आपला भात हवाय.

आबोली | ११ जुलै, रात्री ८:१५

आणि तोही उकडा! भात उकडतात तेव्हा कोंड्याखालचं बी-१ पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरतं, मग कांडून पॉलिश केला तरी बरंचसं टिकतं. पांढऱ्याशुभ्र, न उकडलेल्या सुरय तांदळातलं कोंड्याबरोबर निघून जातं. १८९० च्या दशकात जावा बेटावर डच डॉक्टर आइकमन यांना पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना दिसल्या, त्यातूनच पुढे बी-१ सापडलं. त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं. बी-१ पाण्यात विरघळतं, म्हणून वेळून पाणी फेकलेल्या भातापेक्षा पेज बरी.

सुरंगी | ११ जुलै, रात्री ९:००

ह्या माका कोणी शिकवूक नको! खाडीकाठ, सकाळी उकड्या तांदळाची पेज दी, वांगडा सुको बांगडो नायतर कुळथाची पिठी. तोंडाक चव नाय म्हणालो तर खाराचा आंबा दी. आणि एकटो जेवक बसवू नको. मामीक सांग, बाजूक बसान जेव.

डोंगरपायथा | ११ जुलै, रात्री ९:२०

काकींचा सल्ला इंजेक्शनांच्या जोडीला, जागी नव्हे. बाकी शंभर टक्के सहमत.

रापणकर | १२ जुलै, सकाळी ७:३०

काल रात्री तीन वेळा वाचला धागा. एक विचारतो, इतकी वर्षं पिणाऱ्याचा मेंदू परत येतो का?

आबोली | १२ जुलै, सकाळी ८:१०

साखर वापरायची ताकद बरीच परत येते. व्यसनी माणसांचे स्कॅन दारू सोडल्यावर पुन्हा पुन्हा काढून पाहिले, तर घसरलेला वापर पहिल्या महिन्याभरातच पुष्कळ सुधारलेला दिसला. सगळ्यांचं सगळं येत नाही, पण पहिले चार आठवडे फार मोलाचे. एकट्याने जमत नसेल तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून हेच काम करतंय. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या परस्परमदत गटाच्या सभाही बऱ्याच ठिकाणी असतात.

रापणकर | १२ जुलै, सकाळी ८:१५

ठीक. डोंगरपायथा, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय.

खाडीकाठ | ६ ऑगस्ट, रात्री ९:५०

इतके दिवस फिरकलो नाही, माफ करा. धावपळ चालू होती. सगळ्यांचं लिहिलेलं मामीला वाचून दाखवलं, सुरंगीकाकींचं तर दोनदा.

मामा नऊ दिवस दवाखान्यात होता. दारू तिथेच, औषधांच्या आधाराने तुटली. तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरी असता तर कठीण होतं. आता घरी येऊन तीन आठवडे उलटले. सकाळी पेज घेतो, मामी शेजारी बसते.

डोळे नीट. चालताना अजून पाय थोडे फाकतात. सगळ्यात जास्त जाणवतं ते जाळं सांधताना. आधी तो बोलता बोलता, न बघता गाठी मारायचा. घरी आला त्या आठवड्यात सुई हातात धरून बसायचा, दोन गाठी मारायचा आणि तिसरी कुठून घ्यायची तेच विसरायचा. मग त्याच गाठी पुन्हा उसवायचा. परवा मी बाजूला बसून मोजलं, न थांबता एकोणीस गाठी मारल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काय मोजतंस रे?"

आता प्रश्न असा की १ ऑगस्टला बंदी उठली, बोटी गेल्या. त्याचा मालक विचारतोय, नारळी पौर्णिमेनंतर पाठवता का. मामाला जायचंय. काय करू?

डोंगरपायथा | ६ ऑगस्ट, रात्री १०:३०

एकोणीस गाठी वाचून फार बरं वाटलं. एक करून बघा. अंगणात सरळ रेघ ओढा आणि त्यांना एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत दहा पावलं चालू द्या. तुम्ही बाजूला राहा, पडायला नकोत. तोल गेला तर या मोसमात बोट नाही. ओल्या डेकवर, रात्री, काठाशी उभं राहायचं काम आहे त्यांचं.

खाडीकाठ | ७ ऑगस्ट, सकाळी ७:१५

चौथ्या पावलाला तोल गेला.

रापणकर | ७ ऑगस्ट, सकाळी ७:४०

खाडीकाठ, आमच्या रापणीची जाळी सांधायला माणूस हवाच आहे. किनाऱ्यावर मांडवात बसून काम, दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र. आणि मांडवात आता बाटली येत नाही, १२ जुलैपासून. मामांना विचारा, उद्या न्यायला येतो.

सुरंगी | ७ ऑगस्ट, सकाळी ८:०५

रापणकरा, वेंगुर्ल्याक येतलंस तर माज्याकडसून उकडे तांदूळ घेवन जा. पाच किलो बांधून ठेवतंय.